तळ्याकाठचे दोन टांगे

माझे वडील चालत नसत असं मी म्हटलं, तर त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी मला वेड्यात काढतील. शाळामास्तर म्हणून त्यांनी सगळी नोकरी उभ्यानं केली. वर्गात खुर्ची असे, पण तिच्यावर त्यांचा कोट बसे. स्वतः ते बाकांच्या रांगांतून येरझारा घालत शिकवायचे, आणि शाळा सुटल्यावर सदर बाजारातल्या घरी येईपर्यंत चार पालकांच्या दारात उभं राहून त्यांच्या पोरांची गाऱ्हाणी सांगायचे. आई म्हणायची, यांच्या पायाला भिंगरी आहे. ती गेली, आणि नंतर थोड्याच दिवसांनी ते पेन्शनीत निघाले. शाळेनं निरोपाला शाल, श्रीफळ आणि एक वेताची आरामखुर्ची दिली.

आयुष्यभर ज्याला उभं ठेवलं त्याला शेवटी खुर्ची द्यायची, ही आपली सन्मानाची रीत. वडिलांनी ती खुर्ची फारच मनावर घेतली. त्याच सुमाराला सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला होता. लोकांना घराबाहेर पडायची बंदी होती. ती उठल्यावर सगळं गाव रस्त्यावर आलं, वडील तेवढे खुर्चीतच राहिले. मी एकदा चिडून म्हटलंही, "बाबा, तुमच्यापुरता मार्शल लॉ अजून चालू आहे का?" ते हसले, आणि पाय आणखी लांब केले.

दादा, म्हणजे माझा भाऊ, आणि वहिनी दोघंही त्यांना जिवापाड जपायचे. पाण्याचा तांब्या हातात, पानाचा डबा हाताशी, धोतर बदलायचं तर तेही खुर्चीपाशी आणून ठेवलेलं. "आमच्या सासऱ्यांना मी इकडची काडी तिकडं करू देत नाही," असं वहिनी हळदीकुंकवाला बायकांत सांगायची, आणि बायका माना डोलवायच्या. आमच्यात म्हाताऱ्या माणसानं भाजी आणलेली दिसली, तरी शेजारी म्हणतात, सून कामाला लावते. त्यामुळं वडिलांना काम सांगायची सोय नव्हती, आणि काम नसताना रस्त्यानं हिंडणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. मग राहिलं काय? खुर्ची.

माझं सासर गावातच, बाळीवेशीत. सासूबाईंना विचारून मी पंधरवड्यातून एकदा माहेरी जाऊन यायची. अशाच एका फेरीला मी पाहिलं, वडील खुर्चीवरून मोरीपर्यंत जाताना भिंतीला हात लावून चालले होते. घोट्यावर सूज होती. बोट दाबलं तर खळगा तसाच राहात होता. मी दादाला डॉक्टर आणायला लावलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पाय पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, काही औषध नको. रोज चाला. आता नाही चाललात, तर पुढं चालतो म्हटलं तरी पाय ऐकायचे नाहीत." वडिलांना ते फार लागलं. डॉक्टर बोलवायचा आणि त्यानं औषधाची बाटली द्यायची नाही, म्हणजे आपला आजार त्यानं जमेतच धरला नाही, असं त्यांना वाटलं.

"चाला म्हणतात. कुठं चालू? कुणाकडं?" ते मला म्हणाले.

मी म्हटलं, देवळात जा. ते म्हणाले, देव घरात आहे. शाळेत जाऊन या म्हटलं. तिथं आता माझं काय काम, म्हणाले. 'दे रे हरी खाटल्यावरी' ही म्हण त्यांनीच आम्हाला फळ्यावर लिहून शिकवली होती. ती मी त्यांना ऐकवली, तर म्हणाले, खाटल्यावरी कुठं, ही खुर्ची आहे.

माझ्या सासरी दुसरी तऱ्हा नव्हती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत कारकून होते. त्यांनी सगळी नोकरी बसूनच केली आणि पेन्शनीतही ते बसूनच राहिले. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांचा जीव वर्तमानपत्रात. पण वाचता येत नाही, आणि घरात वाचून दाखवायला सवड कुणाला? आमचे हे सकाळीच कोर्टात कामाला जात. मी वाचायला शिकलेली, पण सुनेनं सासऱ्यापुढं बसून पेपर वाचायचा, हे तेव्हा जमण्यातलं नव्हतं. मामंजींशी मी दाराआडूनच बोलायची.

दोघा व्याह्यांचं एकमेकांशी छान जमायचं. लग्नातच त्यांनी जमवून घेतलं होतं. पण भेट वर्षातून एखाद्या वेळी. मुलीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा माझ्या वडिलांचा नेम. म्हणून ते आमच्या दारात येत नसत. आणि मुलाच्या बापानं सारखं मुलीच्या बापाकडं जाऊन बसायचं, हे मामंजींना शोभत नव्हतं. दोन म्हातारे, एकाच गावात, दोघांनाही बोलायला माणूस हवा होता, आणि मधे मानपानाची एवढी उंच भिंत.

एके दिवशी भाकरी थापताना मला वाटलं, या भिंतीचाच उपयोग का करू नये? मुलीचा बाप व्याह्यांचा शब्द मोडत नाही. मी दाराआडून मामंजींना म्हटलं, "बाबांचे पाय आखडत चाललेत. ते कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही निरोप धाडलात तर उठतील. तळ्यावर पेपर घेऊन या म्हणावं. तुमचीही बातम्यांची सोय होईल." मामंजींनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "तळं कुणाच्या घरचं नाही. तिथं भेटायला हरकत नाही."

सिद्धेश्वराचं तळं दोन्ही घरांच्या मधोमध पडे. यांनी निरोप पोचवला, आणि वहिनी सांगायची, वडील खुर्चीतून ताडकन उठले. कोट घातला, काळी टोपी चढवली, काठी शोधायला सगळं घर कामाला लावलं. पुण्याहून गाडीनं येणारा पेपर त्यांच्याकडं यायचाच. तो काखेत मारून ते निघाले. आणि कोपऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन बसले. पुढं पाय चालेनात.

इकडं मामंजीही निघाले होते. ते बाळीवेशीतून बाहेर पडून एका ओळखीच्या दुकानाच्या फळीवर टेकले आणि तिथूनच परत आले. घरी येऊन हळहळत बसले, "व्याही तिकडं ताटकळत बसले असतील हो. काय म्हणतील?" तिकडं माझे वडीलही हेच म्हणत होते. पहिले कितीतरी दिवस दोघांपैकी एकही तळ्यावर पोचला नाही, आणि दोघंही दुसऱ्याला ताटकळत ठेवल्याच्या लाजेनं दुसऱ्या दिवशी थोडं जास्त चालत होते. दोन्ही घरी फिरणाऱ्या भाजीवालीकडून मला दोन्हीकडच्या बातम्या कळत होत्या. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आयुष्यात एवढी मजा मला पुन्हा क्वचितच आली.

शेवटी ते एकदाचे भेटले. तेव्हापासून सगळा हिवाळा रोजचा परिपाठ झाला. गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला, रस्ता जरा मोकळा झाला, की दोन बाजूंनी दोन काठ्या निघायच्या. वडिलांच्या खिशात भाजलेल्या शेंगा, मामंजींच्या पडशीत गुळाचा खडा. मुलीच्या घरचं न खाणारे माझे वडील तिथं व्याह्यांचा गूळ खुशाल खायचे. पायरीवर बसलं की तो व्याह्यांचा गूळ राहात नव्हता, नुसता गूळ व्हायचा. पेपर वडील मोठ्यानं वाचायचे, वर्गात धडा वाचावा तसं, आणि मधेच थांबून मामंजींना प्रश्न विचारायचे. मामंजींना ते आवडायचं. घरी येऊन म्हणायचे, "आज मला उत्तर आलं नाही."

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत तळ्यावर माणसांचा महापूर, तर हे दोघं किल्ल्याच्या बाजूला सरकून बसले, पण खाडा केला नाही. घोट्यांवरची सूज उतरली. मोहोळकडून येणारी तीच भाजीवाली एकदा दारात थांबली. ती मला म्हणाली, "आक्का, तुमचं मास्तर लई झपाझपा चालाय लागलं की. परवा माज्या म्होरं गेलं, मी हाक मारली तर थांबलंच न्हाय!" मी त्या दिवशी तिच्याकडून गरज नसताना मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

आणि मग दादाला गिरणीच्या ऑफिसात वरची जागा मिळाली.

दादाचं वाईट बोलायचं मला जिवावर येतं. त्याच्याइतका बापाला जपणारा मुलगा मी पाहिला नाही. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सहज म्हटलं, "तुझे वडील रोज काठी टेकत जाताना दिसतात. आता तरी त्यांना सुख दे की." ते त्याच्या काळजात रुतलं. त्यानं घरी येऊन काही विचारलं नाही. पुढच्या सकाळी दारात टांगा उभा. महिन्यानं ठरवलेला, पितळी दिव्यांचा, तांबड्या गादीचा. वडील आधी नको म्हणाले. पण दादाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आयुष्यभर तंगडतोड केलीत बाबा. आईला काही देता आलं नाही मला. एवढं तरी घ्या." मग काय म्हणणार होते ते? बसले टांग्यात.

मला हे कळलं ते सासूबाईंच्या तोंडून. मामंजी तळ्यावरून आले, हसत म्हणाले, "आज व्याही टांग्यातून आले बरं का." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मुलीचा बाप टांग्यातून उतरणार, आणि मुलाचा बाप धूळ तुडवत समोर उभा राहणार? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?" यांनी मान खाली घातली. मी आतून म्हटलं, "पण तिथं जातात ते चालण्यासाठीच ना?" हे म्हणाले, "तुला काय! टांगा तुझ्या माहेरचा आहे." आठवड्याभरात आमच्याही दारात टांगा उभा राहिला.

मी माहेरी जाऊन दादालाही सांगून पाहिलं. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते आठव. तो म्हणाला, "डॉक्टर बाहेरची हवा घ्या म्हणाले. ती टांग्यातून लागत नाही का?" वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या वडिलांना सुखाचे दिवस आले तर तुम्हाला का सोसवत नाहीत?"

आता तळ्याकाठी पिंपळाखाली दोन टांगे उभे राहू लागले. पहिले काही दिवस दोघं उतरून पायरीपर्यंत जात. मग वडिलांचा टांगेवाला म्हणाला, "मास्तर, उतरता कशापायी? हितंच बसा की. घोडं काय कुटं जात न्हाय." त्याची बिचाऱ्याची चूक नाही. उतरवताना, चढवताना त्यालाच हात द्यावा लागे. दोन्ही टांगे शेजारी शेजारी लावले, आणि वडील एका टांग्यातून दुसऱ्या टांग्यात पेपर वाचून दाखवू लागले. शेंगा आणि गूळ इकडून तिकडं टांगेवाल्याच्या हातून जाई. लोक येता जाता बघायचे आणि म्हणायचे, काय थाट आहे, पोरांनी पांग फेडले.

मीही एकदा देवळातून येताना ते पाहिलं. दोघं छान दिसत होते, हे खोटं कशाला सांगू? तांबड्या गाद्यांवर ताठ बसलेले, मधे पसरलेला पेपर. पण वडिलांचा पाय टांग्याच्या फळीवर होता, आणि घोटा पुन्हा फुगलेला होता. मी हाक न मारता पुढं गेले, कारण भर रस्त्यात सुनेनं थांबून बोलायचं नसतं.

टांगेवाल्यांना आगगाडीची गिऱ्हाइकं खुणावत असत. बसणं आखडत गेलं. कधी घोडा आजारी, कधी टांगेवाला गावाला. ज्या दिवशी टांगा आला नाही, त्या दिवशी जायचं नाही, असं आपोआप ठरून गेलं. मी वडिलांना म्हटलं, "टांगा नाही तर नाही. तुम्ही चालत जायचात की आधी."

ते म्हणाले, "तसं नाही ग. टांग्यातून जाणारा माणूस उद्या पायी दिसला, तर लोक म्हणतील मुलानं टांगा काढून घेतला. त्याला ऑफिसात मान वर करून बसता यायला हवं."

मुलाची मान वर राहावी म्हणून बाप खुर्चीत बसला. मला त्या घडीला त्या खुर्चीचा, त्या टांग्याचा, आपल्या या सगळ्या मायेचा इतका राग आला, की मी चहा न घेताच निघून आले. तो राग अजून गेलेला नाही. कुणावर काढावा, हेच कळत नाही. एकानंही वाईट म्हणून काही केलं नव्हतं. जो तो दुसऱ्याचा मान राखत होता, आणि त्यात दोघांचे पाय गेले.

पावसाळ्यात तळ्यावर जाणं बंद झालं ते पुन्हा सुरू झालं नाही. पेपर वाचून झाला की वडील तो कुणाच्यातरी हाती आमच्याकडं धाडून देत. मामंजी तो उशाशी ठेवत. डोळ्यांनी दिसत नव्हतंच, पण घडी उलगडून हातानं चाचपत बसत. एकदा मला दाराआडून म्हणाले, "व्याही वाचायचे तेव्हा मला अक्षरं दिसायची." मी पदर तोंडात धरला.

थंडी सुरू झाली आणि मामंजींना ताप भरला. छातीत कफ झाला. बसून बसून अंग इतकं खंगलं होतं, की डॉक्टरांनी यांना बाहेर नेऊन हळू आवाजात काय सांगितलं ते न ऐकताच मला समजलं. मी माहेरी निरोप धाडला. वडिलांनी, वहिनी सांगते, निरोप पुरा ऐकूनही घेतला नाही. कोट मागितला.

टांगा आमच्या दाराशी लागला तेव्हा सकाळचं ऊन ओटीवर आलं होतं. टांग्यात वडील होते, काखेत पेपर. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा माझ्या दारात आले होते. सासूबाई स्वतः बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "आत या. आज मानपान काही नको. ते वाट बघताहेत." आतून मामंजींचा खोल गेलेला आवाज आला, "आले का? आत या म्हणावं."

वडिलांनी टांगेवाल्याचा खांदा धरला आणि एक पाय खाली सोडला. तो जमिनीला टेकला. आमच्या घराला दगडी पायऱ्या होत्या, फार नव्हेत, घरातली पोरं एका उडीत चढायची. वडिलांनी त्यांच्याकडं पाहिलं. दुसरा पाय उचलायला गेले आणि त्यांचं सगळं अंग थरथरायला लागलं. यांनी एका बाजूनं धरलं, टांगेवाल्यानं दुसऱ्या. तरी पाय उचलला जाईना. उचलून आत नेऊ, म्हणून हे पुढं झाले. वडील म्हणाले, "नको. व्याह्यांच्या घरात मला पोत्यासारखं नेऊ नका." त्यांना पुन्हा टांग्यात बसवलं.

आयुष्यभर मान आडवा आला म्हणून ते माझ्या घरात आले नव्हते. आज मान कुणाला नको होता, सगळी दारं उघडी होती, आणि ते येऊ शकत नव्हते.

मामंजींचं अंथरूण रस्त्याकडच्या खोलीत होतं. मी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. वडील म्हणाले, "विचार त्यांना, ऐकू येतंय का." मामंजींनी हात वर केला. वडिलांनी चष्मा लावला, पेपरची घडी उलगडली, आणि वाचायला लागले. पहिल्यांदा आवाज कापरा होता. मग त्यांनी घसा खाकरला आणि तो जुना आवाज लागला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. बोळातली माणसं थबकली. एका बातमीपाशी ते थांबले आणि सवयीनं प्रश्न विचारला. आतून नुसता खोकला आला. वडिलांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढं वाचू लागले.

पेपर संपेस्तोवर त्यांच्या घशाला कोरड पडली होती. मी आतून तांब्याभांडं घेऊन बाहेर आले आणि टांग्याशी उभी राहिले. मुलीच्या घरचं पाणी. वडिलांनी माझ्या हातातलं भांडं घेतलं, खिडकीकडं पाहिलं, आणि सगळं पाणी पिऊन भांडं मला परत दिलं.

"उद्या येतो म्हणावं," ते म्हणाले. "टांगा आला तर."

दुसऱ्या दिवशी टांगा आला. पण खिडकीआड ऐकायला कुणी राहिलं नव्हतं.